दोर धरणारे

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर पिंपळनेरच्या बाजूस उगम पावून, साक्री आणि धुळे तालुक्यांच्या काळ्या रानांतून वाट काढीत मुडावद येथे कपिलेश्वराच्या पायथ्याशी तापीस मिळणारी पांझरा नदी वर्षाचे बरेच महिने घोटाभर पाण्याने वाहते, आणि चैत्र-वैशाखात तर तिच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसते. पण हीच नदी १८७२ च्या सप्टेंबरात धुळ्यावर चालून आली होती, आणि २०१९ च्या ऑगस्टातही तिने काठची देवळे व पूल पाण्याखाली घातले. त्यामुळे तिच्या उत्तर तीरावर, एकवीरा देवीच्या सान्निध्यात वसलेल्या देवपूरकरांस पाण्याची ओढ आणि पाण्याचे भय ही दोन्ही सारखीच परिचयाची आहेत. समुद्र मात्र येथून फार लांब. जुन्या काळी सुरतेकडे जाणारे मालाचे तांडे कुंडाईबारीचा घाट उतरून जात, आणि परतताना ते समुद्राच्या ज्या गोष्टी आणीत तेवढाच काय तो खानदेशाचा दर्याशी ऋणानुबंध. आज दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुटीत मालवणच्या धक्क्यावर उभे राहावे, तर अहिराणीचे बोल हटकून कानांवर पडतात. शिक्षक, शेतकरी, बँकेतील कर्मचारी, महाविद्यालयात शिकणारी मुलेमुली, ज्यांच्या घराण्यात कोणी कधी खारे पाणी चाखले नव्हते अशी सारी मंडळी पाठीवर हवेचे नळकांडे बांधून आणि एका अनोळखी तरुणाच्या हाती आपला हात देऊन समुद्राच्या पोटात उतरतात.

या उतरण्याचा इतिहास सांगणारे ग्रंथ बहुधा यंत्रांचा इतिहास सांगतात. कोणी घंटा केली, कोणी शिरस्त्राण केले, कोणी झडप बसवली, आणि प्रत्येक यंत्राबरोबर मनुष्य किती हात अधिक खोल गेला, याची ती जंत्री असते. ती खोटी नाही. परंतु तिच्यातून एक मनुष्य गळून पडतो. पाण्याखाली जाणाऱ्याचा दुसऱ्या टोकाकडून दोर धरणारा, त्याच्या श्वासांवर लक्ष ठेवणारा, वेळ होताच त्यास वर ओढणारा जो कोणी असतो, त्याच्यावाचून हा इतिहास एक पाऊलही पुढे सरकलेला नाही, आणि त्याचे नाव मात्र जवळजवळ कोठेच नोंदलेले नाही. हा लेख त्याच्याविषयी आहे.

प्रारंभ आपल्या गावापासून करणे योग्य होईल. धुळे हे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लळिंगच्या हाताखालचे एक क्षुल्लक खेडे होते. १८०३ साली होळकरांच्या स्वाऱ्या आणि त्याच वर्षीचा भयंकर दुष्काळ यांमुळे ते पार ओस पडले. पुढल्या वर्षी विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवले, त्याबद्दल त्यांस इनाम जमीन व इतर हक्क मिळाले, आणि सोनगीर व लळिंगचा कारभार ते येथूनच पाहू लागले. १८१८ मध्ये मुलूख इंग्रजांच्या अमलाखाली गेल्यावर कॅप्टन ब्रिग्ज याने धुळे हेच नव्या खानदेश जिल्ह्याचे ठाणे ठरवले, आणि १८१९ च्या जानेवारीत सरकारी कचेऱ्या बांधण्याची मंजुरी मिळवली. जुने धुळे, नवे धुळे, देवपूर आणि मोगलाई असे कसब्याचे भाग पडले. उन्हाळ्यात नदी आटणाऱ्या या प्रदेशात नवी वस्ती म्हणजे नव्या विहिरी, हे समीकरण ठरलेले होते. वाड्यात आड, मळ्यात विहीर, देवळापुढे बारव. आणि जेथे विहीर तेथे तिच्यात काही ना काही पडणारच.

पडणाऱ्या वस्तूंत सर्वांत मोलाची म्हणजे घागर. धुळ्याच्या उत्तरेस आग्रा रस्त्यावर असलेल्या सोनगीरच्या तांबटांनी घडवलेली तांब्यापितळेची भांडी साऱ्या खानदेशात जात. लेकीच्या लग्नात दिलेली ती घागर दोर तुटून आडात गेली, म्हणजे घरात सुतक आल्यासारखी कळा येई. प्रथम लोखंडी आकड्यांचा गळ टाकून पाहत. गळाला ती लागली नाही, तर मग पाणी जाणणाऱ्या एखाद्या माणसास बोलावणे जाई. तो येऊन आधी नुसता विहिरीच्या काठावर बसे, पाण्याचा रंग पाही, कपारी कोठे आहेत, झरा कोणत्या अंगाने आहे, तळाशी गाळ किती असावा, हे घरच्या वृद्धांस विचारून घेई. मग मोटेचा जुना नाडा कमरेस बांधून त्याचे दुसरे टोक तो आपल्या भावाच्या किंवा मुलाच्या हाती देई; घरच्या यजमानाच्या हाती तो कधी देत नसे. दीर्घ श्वास घेऊन तो पाण्यात दिसेनासा झाला, की काठावरचे सगळे आपोआप गप्प होत, आणि नाडा धरणारा दोन्ही डोळे त्या काळ्या पाण्यावर लावून, बोटांतून सरकणाऱ्या दोराच्या हिसक्यांवरून खाली काय चालले आहे ते ओळखीत राही. हे दृश्य मी माझ्या बाळपणी देवपूरच्या मळ्यांतून पाहिलेले आहे, आणि त्यातील माझ्या मनावर ठसलेला चेहरा घागर घेऊन वर येणाऱ्याचा नसून नाडा धरणाऱ्याचा आहे.

पोहणे शिकण्याचीही रीत अशीच होती. पाठीला वाळका भोपळा बांधावयाचा, किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका काखेत द्यावयाचा, कमरेस दोर, आणि मग विहिरीच्या पायरीवरून पोरास सरळ लोटून द्यावयाचे. रडणाऱ्या पोरास वरून एकच आश्वासन मिळे: “भिऊ नको, मी शे ना!” पोर हातपाय मारू लागले की दोर सैल सोडायचा, गटांगळी खाल्ली की ताणायचा, काही दिवसांनी भोपळा काढायचा, आणि मग एके दिवशी त्यास न सांगता दोरही काढायचा. ही विद्या कोणत्याही शाळेत नव्हती, तिचे मोल पैशात होत नसे, आणि ती देणाऱ्यास गुरू म्हणावे असे कोणाच्या मनातही येत नसे. पाण्यात उतरणाऱ्यांत भोई आणि कोळी यांचा भरणा मोठा होता. भोयांनी पूर्वी पालख्या वाहिल्या, मासे धरले, नदी आटल्यावर तिच्याच वाळूत डांगरांच्या वाड्या केल्या. तापीच्या उतारांवर कोळ्यांच्या नावा चालत. पुरात वाहून गेलेला, डोहात बुडालेला माणूस काढण्याची पाळी आली, की मामलेदाराचा शिपाई त्यांच्याच वस्तीचा रस्ता धरी. प्रेत काढून देणारा परत घरी जाई तेव्हा गावाने त्याचा विटाळ मानावा आणि पुढच्या पुरात पुन्हा त्याचेच दार ठोठावावे, ही आपल्या समाजव्यवहारातील गोष्ट मला फार लाजिरवाणी वाटते.

पाण्याच्या इतर सेवकांची गोष्ट निराळी होती. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर दगडी बंधारे घालून पाटाने पाणी फिरवण्याची जी फड पद्धती आपल्याकडे कित्येक शतके चालत आली, तिच्यातील पाटकरी, हवालदार, जागल्या, बारेकरी यांची कामे नेमलेली होती व त्यांचा वाटाही ठरलेला होता. इंग्रजी अमलात तर पाण्याचे काम हा मोठ्या इभ्रतीचा व्यवसाय झाला. १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झालेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या या तरुण अभियंत्याची नेमणूक धुळ्यास झाली, आणि दातर्तीजवळ पांझरेच्या पात्राखालून नळाने पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांजकडे आले. पावसाळ्यामुळे काम पुढे ढकलावे असे त्यांनी वरिष्ठांस कळवले, त्यावरून त्यांस कानपिचक्या मिळाल्या, आणि अखेर त्यांनी ते पुरे केले; ही हकीकत त्यांनी आपल्या आठवणींत स्वतःच लिहिली आहे. नदीखालून पाणी नेणाऱ्याचे नाव अशा प्रकारे राहिले, आणि ते राहावे हे योग्यच आहे. नदीखाली स्वतः जाणाऱ्यांचे मात्र राहिले नाही.

आता थोडे दूर जाऊ. आपल्या पुराणांत समुद्राच्या तळाशी जाण्याचा जो सर्वांत सुंदर प्रसंग आहे तो गुरुदक्षिणेचा आहे: सांदीपनींचा पुत्र समुद्राने नेला, म्हणून कृष्ण समुद्रात शिरला, पंचजन दैत्यास मारून त्याने पांचजन्य शंख घेतला, आणि पुढे यमलोकापर्यंत जाऊन गुरुपुत्र परत आणला. महाभारतातील दुर्योधन जलस्तंभनाच्या विद्येने द्वैपायन ऱ्हदात लपून राहिला होता. ही झाली देवांची व विद्याधरांची कथा. माणसाच्या छातीत मावेल तेवढी हवा घेऊन खाली जाणारे खरे पाणबुडे दक्षिणेत मन्नारच्या आखातात मोती काढीत होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मोत्यांच्या जाती त्यांच्या उत्पत्तिस्थानांवरून सांगितल्या आहेत, आणि शंख, मोती, पोवळी यांच्या कारखान्यांवर देखरेख करणारा अधिकारीही नेमला आहे. त्या आखातातील पाणबुडा पायाखाली जड धोंडा घेऊन झपाट्याने तळ गाठी, हाती लागतील तेवढे शिंपले टोपल्यात भरी, आणि दोरास हिसका देई. होडीत उभा असलेला त्याचा जोडीदार त्यास वर घेई. हिसका ओळखण्यात जोडीदाराकडून क्षणाचा प्रमाद झाला तर खालच्याचे आयुष्य संपले. राजांच्या कंठातील मोत्यांचे वर्णन करणाऱ्या आपल्या कवींनी त्या होडीतील जोडीदाराकडे कधी पाहिलेले दिसत नाही.

युरोपात प्रयत्न निराळ्या दिशेने चालले. बोरूच्या नळीने पाण्याखालून श्वास घेण्याची कल्पना लहान मुलासही सुचते, परंतु हातभर खोली ओलांडल्यावर पाण्याचा भार छातीवर असा काही येतो, की वरची हवा ओढून घेण्याचे सामर्थ्य फुप्फुसांत उरत नाही. म्हणजे खाली हवा हवी असेल तर ती दाबूनच पोहोचवली पाहिजे. ज्याच्या नावाने धूमकेतू ओळखला जातो त्या एडमंड हॅलेने १६९१ साली लाकडी घंटा करून, शिशाने जड केलेली हवेची पिंपे दोरांनी खाली सोडून, ती हवा घंटेत घेण्याची युक्ती काढली. १८३० नंतरच्या दशकात ऑगस्टस सीब याने धातूचे शिरस्त्राण व अंगभर पोशाख तयार केला. वर नावेत पंप चालवणारे लोक, आणि दोर हाती घेऊन त्याचे हिसके मोजणारा एक खास मनुष्य. याच सुमारास, १८३९ पासून, बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ या जहाजावर काम करणाऱ्या कर्नल पॅस्लीने आपल्या पाणबुड्यांस जोडीजोडीने उतरण्याचा हुकूम दिला; दोघांनी एकमेकांस सांभाळावे हा नियम तेव्हापासून लेखी झाला. १८६५ मध्ये रुकेरॉल नावाचा खाणीवरचा अभियंता आणि देनेरूझ हा नौदलाचा अधिकारी या दोघा फ्रेंचांनी पाठीवर हवेचा साठा घेऊन जाण्याचे यंत्र तयार केले, आणि जूल व्हर्नने ते लगेच आपल्या कॅप्टन नेमोच्या अंगावर चढवले. भा. रा. भागवतांमुळे व्हर्नच्या सृष्टीत रमलेल्या मराठी वाचकांस हे सांगावयास नकोच, की तो नेमो मुळात बुंदेलखंडाचा राजपुत्र होता.

आज मालवणास आपल्या पाठीवर जे यंत्र चढते ते १९४३ चे. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होता, पेट्रोल मिळत नव्हते, आणि मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एमिल गान्यान या अभियंत्याने एक झडप बसवली होती. नौदलातील अधिकारी झाक कुस्तो याने ती पाहिली आणि दोघांनी मिळून तिचे श्वासयंत्र केले: श्वास घ्यावा तेव्हाच, आणि सभोवारच्या पाण्याचा दाब असेल तेवढ्याच दाबाची हवा देणारे. त्या वर्षीच्या जूनमध्ये भूमध्य समुद्राच्या काठी कुस्तोने पहिली मोठी बुडी मारली, तेव्हा त्याची पत्नी सिमोन पाण्याच्या पृष्ठावर तरंगत वरून त्याच्यावर नजर ठेवून होती, आणि काही विपरीत घडल्यास तत्काळ उडी घेता यावी म्हणून त्याचा मित्र द्युमा किनाऱ्यावर सज्ज होता. ज्या यंत्राने पाणबुड्याचा दोर कायमचा तोडला असे म्हटले जाते, त्या यंत्राच्या पहिल्या मोठ्या परीक्षेलाही दोर धरणारे दोघे होते. दोर दिसत नव्हता एवढेच.

या यंत्राने पाणबुड्याच्या विद्येत एक मूलभूत उलथापालथ केली, आणि ती आपल्या जुन्या विहिरीवरच्या गुरूंनी ऐकली असती तर त्यांस नवल वाटले असते. त्यांची सारी शिकवण दम कोंडण्याची होती. येथे पहिला नियम असा, की दम कधीही कोंडावयाचा नाही. कारण सरळ आहे. दर दहा मीटर खोलीस एका वातावरणाएवढा दाब वाढतो; दहा मीटरांवर फुप्फुस भरून घेतलेली हवा, तोंड मिटून वर आल्यास, फुगून दुप्पट जागा मागू लागते आणि फुप्फुस फाडते. विहिरीत बुडी मारणारा वरचीच हवा खाली नेऊन तीच वर आणीत असे, म्हणून त्यास हे भय नव्हते. दाबाच्या दुसऱ्या संकटाचे, म्हणजे रक्तात विरघळलेल्या नत्रवायूचे बुडबुडे होण्याचे, निदान फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर याने १८७८ मध्ये केले, आणि टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके १९०८ साली जॉन स्कॉट हाल्डेन यांनी प्रसिद्ध केली. त्यांच्या प्रयोगांच्या वेळी त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा न बसणारा ढिला पोशाख घालून समुद्रात उतरला होता, आणि पोशाखात गळ्यापर्यंत पाणी शिरले तरी तो डगमगला नाही. तो मुलगा म्हणजेच पुढील काळातील थोर जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन; १९५७ मध्ये ते भारतात आले, येथील नागरिक झाले, आणि १९६४ साली भुवनेश्वरास त्यांनी देह ठेवला.

मालवणचा समुद्र या विद्येस अनुकूल का, याचे उत्तर शिवछत्रपतींच्या दुर्गरचनेत आहे. कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची मुहूर्तमेढ २५ नोव्हेंबर १६६४ रोजी झाली. पायाच्या चिऱ्यांत शिसे ओतून ते सांधले. ही जागा निवडण्याचे एक मोठे कारण म्हणजे बेटाभोवती पाण्याखाली दडलेले खडक, ज्यांतून वाट माहीत असलेल्या तांडेलाखेरीज दुसऱ्याने गलबत घालणे म्हणजे ते गमावणे. ज्या खडकांनी शत्रूच्या जहाजांपासून किल्ला राखला त्याच खडकांवर प्रवाळ, स्पंज, समुद्रफुले आणि रंगीबेरंगी मासे वाढले, आणि ते पाहावयास आज आपण जातो. वर उत्तरेस विजयदुर्गाजवळ तर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पाण्याखाली सुमारे १२२ मीटर लांबीची दगडी भिंत मोजली आहे. परक्या जहाजांचे तळ फोडण्यासाठी ती बांधली होती अशी परंपरा सांगते. इतिहास बुरुजावरून जेवढा दिसतो त्याहून अधिक पाण्याखाली उरलेला आहे, हे त्या भिंतीने दाखवून दिले.

१३ एप्रिल १९८७ रोजी सरकारने मालवणच्या भोवतालचा सुमारे २९ चौरस किलोमीटर समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर केला. त्यामुळे आपल्या जाळ्यांवर बंदी येईल या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्यास विरोध केला, आणि पिढ्यानुपिढ्या रापण ओढणाऱ्या माणसाची ती भीती मुळीच अनाठायी नव्हती. त्यानंतर जे घडले ते मला या साऱ्या हकीकतीतील अत्यंत समाधानाचे वाटते. सागरी जीवशास्त्राचे अभ्यासक डॉ. सारंग कुलकर्णी यांच्यासारख्यांनी याच किनाऱ्यावरील तरुणांस पाण्याखाली नेऊन त्यांच्याच समुद्राचे रूप त्यांस दाखवले. २०११ नंतर संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्गात जो किनारी जैवविविधतेचा प्रकल्प चालला त्यातही गावकऱ्यांस ही विद्या शिकवण्यात आली. आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीस स्कूबा डायव्हिंगची रीतसर संस्था उभारली. ज्या गाबीत मच्छीमार घरांतील वडीलधारी माणसे वाऱ्याचा वास घेऊन माशांचा ठाव सांगत, त्यांची मुले आज पाण्याखालची वाट दाखवणारे वाटाडे झाली आहेत.

मी उतरलो तो अशाच एका वाटाड्याच्या हाती. होडी खडकांजवळ नांगरली होती, किल्ल्याचा तट पलीकडे उन्हात तळपत होता. प्रथम अंगात घट्ट पोशाख, मग कमरेस शिशाच्या वजनांचा पट्टा, कारण मनुष्याचे शरीर आणि त्यावरचा पोशाख आपण होऊन बुडत नाहीत. मग काचेचा मुखवटा, ज्याच्या आतून थुंकी फिरवून तो धुतला म्हणजे वाफ धरत नाही. आणि शेवटी दातांत धरावयाचे रबरी तोंड. नळकांड्यात केवळ प्राणवायू असतो असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. त्यात असते ती आपली नित्याचीच हवा, गाळून आणि दाबून भरलेली, कारण निव्वळ प्राणवायू थोड्याशा खोलीतच विषासारखा बाधतो. वाटाड्याने खुणा सांगितल्या. तर्जनी व अंगठा जुळवून केलेले वर्तुळ म्हणजे ठीक. पंजा डोलवला म्हणजे काहीतरी अडचण. आणि अंगठा वर केला की आपण खुशीत आहोत असा अर्थ नव्हे, मला वर न्या असा अर्थ. मग त्याने गळ्याएवढ्या पाण्यात, होडीस धरूनच, मला तोंडाने श्वास घ्यावयास लावले. नाक मिटलेले, चेहरा पाण्यात, आणि तरी श्वास येतो, हे बुद्धीस पटले तरी देहास पटत नाही. देह साठ वर्षांची सवय सोडावयास तयार नसतो. “काका,” तो म्हणाला, “मी हात सोडणार नाही. तुम्ही फक्त श्वास सोडत राहा.”

आणि तो खाली घेऊन गेला. हातभर खाली जातो तोच कानांत कळ उठली. त्याने माझ्यापुढे येऊन स्वतःचे नाक चिमटीत धरले, तसे मी केले, फुंकर आत दाबली, आणि कळ गेली. प्रत्येक थोड्या खोलीस तो थांबे, माझ्या डोळ्यांकडे पाही, वर्तुळाची खूण करी, आणि मी ती परत केल्याखेरीज पुढे जात नसे. त्यानंतर मी मासे पाहिले, काळ्या पट्ट्यांच्या पिवळ्या माशांचा एक थवा माझ्या बोटांपाशी येऊन गेला, खडकावरची समुद्रफुले लाटेबरोबर एका दिशेने झुकून पुन्हा सावरत होती, आणि त्या सर्वांवर माझ्याच श्वासाचा खर्जातला आवाज भरून होता. त्याची छायाचित्रे सर्वांजवळ असतात, म्हणून त्याचे वर्णन वाढवीत नाही. मात्र या साऱ्या वेळात माझ्या मागे, नळकांड्याच्या मुठीवर, त्याचा हात होता. माझी हवा किती उरली हे तो वाचत होता, माझे बुडबुडे मोजत होता, आणि समुद्राच्या सौंदर्याकडे त्याने एकदाही पाहिले नाही. त्याचे काम माझ्याकडे पाहण्याचे होते.

या विद्येचा एक कठोर भागही आहे, आणि त्याचा संबंध थेट आमच्या धुळ्याशी येतो. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी धुळ्यास असते. महाराष्ट्रात कोठेही पूर आला, धरणात किंवा नदीत कोणी बुडाले, की तिच्यातील जवानांस बोलावणे जाते. विहिरीवरच्या पाणबुड्याचे काम आता गणवेशात करावे लागते. २३ मे २०२४ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, सुगाव येथे प्रवरा नदीत बुडालेल्याचा शोध घेत असताना या दलाची नाव उलटली आणि तीन जवान मृत्यू पावले. दुसऱ्याचे प्रेत त्याच्या आईबापांस मिळावे म्हणून हे तिघे पाण्यात उतरले होते. मालवणच्या आनंदाचे वर्णन करणाऱ्याने, विशेषतः तो धुळ्याचा असेल तर, ही तारीख वगळून पुढे जाऊ नये.

आता सांगावयाचे एवढेच राहते, आणि ते मी देवपूर व धुळे येथील वाचकांस उद्देशून सांगतो. विहिरी बुजत चालल्या आहेत, मोटेचा नाडा कोणी ओळखीत नाही, आणि पोरांस पाण्यात लोटून त्यांस तरते करणारी ती माणसे एकामागून एक जात आहेत. आपले गाव हे इतिहासाचार्य राजवाड्यांनी देह ठेवलेले गाव आहे. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते येथे वारले आणि अवघ्या काही दिवसांत, ९ जानेवारी १९२७ रोजी, त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे स्थापन झाले. दारोदार हिंडून जुनी दफ्तरे गोळा करण्याची रीत त्यांनीच घालून दिली. या माणसांजवळ मात्र दफ्तर नाही. जे आहे ते त्यांच्या आठवणीत आहे. म्हणून ज्यांस शक्य असेल त्यांनी भोईवाड्यात आणि तापीकाठच्या कोळ्यांच्या वस्त्यांत जावे, कोणी कोणास पोहावयास शिकवले, कोणत्या पुरात कोणी कोणास काढले, नाडा कोणी धरला होता, हे नावनिशीवार लिहून घ्यावे, आणि ते कागद मंडळाच्या संग्रहात देण्याची खटपट करावी. आणि आपल्या मुलांस मालवणास अवश्य पाठवा. पण त्याआधी, जाणत्या शिक्षकाच्या हाताखाली, त्यांस पोहावयास शिकवा.